कँडीचे दंतमंदिर आणि खोबऱ्याची चटणी

सम्राट अशोकाची लेक संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली, तो वृक्ष एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी सासूबाईंची फार दिवसांची इच्छा. म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघी श्रीलंकेला जाऊन आलो.

अनुराधापुरला तो पिंपळ सोनेरी कठड्याच्या आत आजही उभा आहे. वय दोन हजार वर्षांहून अधिक! पांढरे कपडे घातलेल्या बायका हातांत कमळे घेऊन शांत बसलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या पारावरच्या पिंपळासारखाच की हा!"

तिथून कँडीला आलो. तिथे दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचे मंदिर. दिवसातून तीनदा ढोलांच्या गजरात पूजा होते. दात दिसत नाही, दर्शन सोन्याच्या करंडकाचे. जवळच विष्णूचेही देऊळ आहे. ते पाहून सासूबाईंना माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

न्याहारीला इंडिअप्पा, म्हणजे आपले कोकणातले शिरवाळेच! सोबत 'पोल सांबोल' ही ओल्या खोबऱ्याची लाल चटणी. सासूबाई पक्क्या शाकाहारी, पण चटणी दोन दिवस मागून घेतली. तिसऱ्या दिवशी मी कृती विचारायला स्वयंपाकघरात गेले. घरमालकिणीने पाट्यावर आधी 'उंबलकड' वाटले. तो होता सुकवलेला मासा!

मला तर घामच फुटला. सांगावे की गप्प बसावे? न्याहारीची पाने मांडायच्या आत मी सांगूनच टाकले. सासूबाई जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नकळत गेलं पोटात, त्याचं काय एवढं? पण तू लपवलं असतंस, तर पुढचा घास मी कुणाच्या भरवशावर खाल्ला असता?"

घरमालकिणीने पाटा स्वच्छ धुऊन चटणी पुन्हा वाटून दिली.

मैत्रिणींनो, तिकडे जाल तर "आम्ही मांस खात नाही" एवढ्यावर भागत नाही. "उंबलकडही नको" असे स्पष्ट सांगा. भाजीतसुद्धा ते असू शकते. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका.

आणि चटणी घरी करून पाहाच: वाटीभर ओले खोबरे, चार-पाच सुक्या मिरच्या, तीन-चार छोटे कांदे, मीठ, वर लिंबू पिळा. आमच्याकडे आता ती सासूबाईच वाटतात!