रिपोर्टातले दोन लाल आकडे

चिंचवडच्या माझ्या दवाखान्यात पुरुष पेशंट ‘तसली’ तक्रार घेऊन सरळ कधी येत नाहीत. बाई डॉक्टर म्हटल्यावर तर नाहीच. ते थकवा घेऊन येतात. बीपी मोजून होतं, झोपेची, ड्यूटीची चौकशी होते, आणि खुर्चीवरून उठता उठता खिशातून मोबाइल निघतो. “मॅडम, कंपनीत कॅम्प होता, जरा रिपोर्ट बघता का?” सोबत बायको असली तर तीच सांगते, “यांचं ते डी फार कमी आलंय. आणि दुसरं ते...” दुसरं ते म्हणजे टेस्टोस्टेरॉन.

फुल बॉडी चेकअपची पॅकेजं निघाल्यापासून हे दोन आकडे एकाच कागदावर लाल होऊन येतात. कागद माझ्यापर्यंत पोचण्याआधी मोबाइलवर वाचनही झालेलं असतं. त्यामुळे प्रश्न तयारच असतो : डी वाढवलं की तेही वाढेल ना?

प्रश्न खुळा नाही. दोन्हींचं कूळ एकच आहे. टेस्टोस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून बनतं. आणि शरीरात कोलेस्टेरॉल तयार होताना त्याच्या आदल्या पायरीवर जो पदार्थ असतो, त्यावर कातडीत ऊन पडलं की डी जीवनसत्त्व बनतं. हे रसायन उलगडणारी माणसंही गुरुशिष्य होती. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे अडोल्फ विंडाउस यांना या कुळातल्या पदार्थांवरच्या आणि जीवनसत्त्वांशी असलेल्या त्यांच्या नात्यावरच्या कामासाठी १९२८ चं नोबेल मिळालं. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या अडोल्फ बुटेनांट यांनी १९३१ मध्ये बर्लिनच्या पोलिसांची हजारो लिटर लघवी आटवून त्यातून पुरुषी संप्रेरकाचे काही मिलिग्रॅम स्फटिक काढले. १९३५ मध्ये त्यांनी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवून दाखवलं आणि १९३९ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. लघवी द्यायला पोलिसच का निवडले असतील, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

पुढे असंही दिसलं की वृषणातल्या पेशींमध्ये डी जीवनसत्त्वाला ओळखणारी प्रथिनं आहेत, त्याला कामाला लावणारी विकरंही आहेत. म्हणजे डीला तिथे काहीतरी काम असणार. मग २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या संशोधकांनी २,२९९ पुरुषांच्या रक्ताचा हिशेब मांडला. ज्यांचं डी चांगलं, त्यांचं टेस्टोस्टेरॉनही सरासरीने जास्त होतं. शिवाय दोन्ही मार्चमध्ये तळाला आणि ऑगस्टमध्ये शिखरावर होती. तिकडचा ऑगस्ट म्हणजे उन्हाळ्याचा शेवट. आपल्याकडे तेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, म्हणून तो आलेख जसाच्या तसा पिंपरी-चिंचवडला लावू नये.

त्याच ग्राझच्या मंडळींनी २०११ मध्ये आणखी एक प्रयोग छापला. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या ५४ पुरुषांपैकी काहींना वर्षभर रोज सुमारे ३,३०० युनिट डी दिलं, उरलेल्यांना नुसता दिसायला तसाच, पण डी नसलेला डोस. डी घेणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन साधारण पंचवीस टक्क्यांनी वाढलं. मोबाइलवर जे फिरतं ते बहुतेक इथूनच आलेलं असतं, आणि इथेच थांबतं.

गोष्ट मात्र इथे थांबलेली नाही. ग्राझलाच पुढे दोन मोठे प्रयोग झाले, दोन्ही शंभरेक पुरुषांवर, दोन्हींत आठवड्याला २०,००० युनिट, बारा आठवडे. २०१७ च्या प्रयोगात टेस्टोस्टेरॉन मुळात बरं असलेले पुरुष होते. फरक पडला नाही. २०१९ च्या प्रयोगात दोन्ही आकडे कमी असलेले, म्हणजे अगदी माझ्यासमोर बसतात तसे पुरुष घेतले. डी वाढलं. टेस्टोस्टेरॉन होतं तिथेच राहिलं. ज्या गावातून ही आशा निघाली त्याच गावाने ती तपासून खोटी ठरल्याचं छापलं, याचं मला फार कौतुक आहे. बारा आठवडे पुरेसे नव्हते, वर्षभर द्यायला हवं होतं, असा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण आज कुणी मला विचारलं की डीच्या पाकिटाने टेस्टोस्टेरॉन वाढेल का, तर मी ‘त्या भरवशावर राहू नका’ असंच सांगते.

मग दोन्ही एकत्र कमी का येतात? याचं उत्तर मी टेबलाच्या खणातून काढते. शिंप्याकडची असते तसली टेप. शर्ट वर करायला सांगितलं की बहुतेक जण आधी पोट आत घेतात. “श्वास सोडा,” म्हणून मी थांबते. बेंबीच्या पातळीवर ९८, १०२, कधी १०८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेघ मानतात. डी चरबीत विरघळतं. जितकी चरबी जास्त, तितकं ते तिच्यात मुरतं आणि रक्तात कमी दिसतं. चरबीतच अरोमटेज नावाचं विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. पोट सुटलं, इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं, की रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिनही घटतं आणि रिपोर्टातला एकूण आकडा आणखी खाली येतो. एवढ्या पोटाचा माणूस उन्हात फारसा चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. आठ युरोपीय शहरांतल्या चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या ३,३६९ पुरुषांच्या पाहणीत नेमकं हेच झालं. डी आणि टेस्टोस्टेरॉनचा संबंध आधी दिसला. वजन, इतर आजार, राहणीमान हिशेबात घेतल्यावर बहुतेक विरून गेला. दोघं एकाच गाडीतले प्रवासी. एकाने दुसऱ्याला ढकललेलं नाही.

रिपोर्ट बघताना माझा पहिला प्रश्न आकड्याबद्दल नसतोच. “रक्त किती वाजता दिलंत?” भोसरीच्या एका कारखान्यातल्या पेशंटचं टेस्टोस्टेरॉन २४२ आलं होतं. साधारणपणे ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की कमी धरतात. रक्त दिलं होतं दुपारी साडेतीनला, नाइट शिफ्ट करून, वडापाव खाऊन. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं, खाल्ल्यावर आणखी उतरतं. म्हणून ही तपासणी सकाळी उपाशीपोटी, दहाच्या आत करायची. आणि कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून मगच निदान करायचं. त्यांना चार दिवस डे शिफ्ट मागून घ्यायला लावली, रात्रीची झोप झाली, सकाळी आठला रक्त दिलं. ३६१ आलं. शिकागो विद्यापीठात दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरलं. हे निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. आपल्या एमआयडीसीत आणि हिंजवडीत हा प्रयोग रोजच चालू असतो.

याचा अर्थ डीकडे दुर्लक्ष करा असा नाही. फार कमी असेल तर हाडं, स्नायू दुखतात, जिना चढवत नाही, आणि ती दुखणी पाकिटाने खरंच हटतात. फक्त ६०,००० युनिटांचं पाकीट आठवड्याला एक, सांगितले तितकेच आठवडे. आमच्याकडे ते रोज एक घेतलेले महाभागही येतात. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, किडनीवर ताण येतो.

उन्हाबद्दल एक कटू गोष्ट सांगावी लागते. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगावर घेणं छान असतं, पण ज्या अतिनील किरणांनी डी बनतं ते त्या वेळी फारसे नसतात. ते साधारण अकरा ते दोनच्या उन्हात असतात, म्हणजे सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा; आणि खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो. दिल्लीत २००० च्या सुमारास झालेल्या एका पाहणीत सैनिकांचं डी त्यातल्या त्यात बरं होतं, आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टर-नर्सचं उन्हाळ्यातही खालावलेलं. मीही दिवसभर ट्यूबलाइटखाली बसते.

दोन सकाळी तपासूनही टेस्टोस्टेरॉन खरंच कमी निघालं, तर मला कारण हवं असतं. जिममध्ये कुणी सुचवलेलं इंजेक्शन नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो आणि शुक्रजंतू बनणं बंद पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने याच गुणावर पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचण्या घेतल्या होत्या. मूल हवं म्हणून धडपडणारा पस्तिशीचा नवरा हेच इंजेक्शन घेत असल्याचं मी पाहिलंय.

मागच्या वर्षी एक गृहस्थ आले. पोट सपाट, झोप व्यवस्थित. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा १५० च्या आत, डीही कमी. काही महिने त्यांना दुसरीकडे डीचीच पाकिटं चालू होती. बायको म्हणाली, “हल्ली यांची स्कूटर सारखी बाजूच्या गाडीला घासते.” मी बोटं हलवून नजर तपासली, दोन्ही कडांचं त्यांना दिसत नव्हतं. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कित्येक पटींनी वाढलेलं निघालं, एमआरआयमध्ये पीयूषिका ग्रंथीवर गाठ. अशी गाठ बहुतेकदा गोळ्यांनीच आक्रसते. आठवड्यातून दोनदा कॅबरगोलिन सुरू झालं. आधी नजर सुधारली, मग टेस्टोस्टेरॉन हळूहळू वर आलं. डीचं पाकीटही मी चालू ठेवलं, हाडांसाठी.