धूर, अग्नी आणि बोटीची कुजकी फळी

मंडळी, फायबरग्लासच्या जुन्या मच्छीमार बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, वरून धडधाकट दिसते. पण आत बहुधा प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं, लाकूड कुजतं. हातोडीनं ठोकून बघा. आवाज खणखणीत नाही, बद्द आला, की शंका घ्यायची. धूर दिसला म्हणून अग्नी मानतो ना, तसंच हे अनुमान. आता प्रत्यक्ष हवं? आतल्या बाजूनं बारीक भोक पाडा. ओला, काळपट भुसा निघाला की वाद मिटला. मग आतला फायबरचा थर कापायचा, कुजका गाभा पूर्ण खरवडायचा, वाळू द्यायचं, नवं मरीन प्लायवूड इपॉक्सीनं चिकटवून वर पुन्हा फायबर चढवायचं. बोल्टची नवी भोकंही इपॉक्सीनं सील करायची. नुसता रंग फासलात, तर भर समुद्रात इंजिन फळीसकट निखळू शकतं.