तीन किलोची फळी आणि विमानाचं पोट

आमच्या चौथीच्या वर्गात एका मुलानं जुन्या कॅलेंडरवरचं चित्र आणलं होतं. डोंगराएवढी निळी लाट आणि तिच्या अंगावर एका फळीवर उभा राहून घसरत येणारा माणूस. "बाई, हा पडत कसा नाही?" असं सगळ्यांनी विचारलं. मागच्या बाकावरून मात्र वेगळाच प्रश्न आला, "बाई, एवढी मोठी फळी घेऊन हा गावाला कसा जात असेल?"

मला हाच प्रश्न जास्त आवडला.

या फळीला म्हणतात सर्फबोर्ड. चांगल्या लाटा काही सगळीकडे नसतात, म्हणून हे लाटवेडे लोक त्यांच्या शोधात देशोदेशी फिरतात. इंग्लंडमधले पोर्तुगालला, मोरोक्कोला जातात, तेही स्वस्त तिकिटाच्या विमानांनी. गंमत अशी, की कधी कधी माणसाच्या तिकिटापेक्षा फळीचंच भाडं जास्त होतं!

आता तुम्ही म्हणाल, फळी जड असेल. छे! सहा फुटी सर्फबोर्ड असतो जेमतेम तीन-साडेतीन किलोचा. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं दप्तर त्याहून जड भरेल. (पालकहो, त्याबद्दल एकदा निवांत बोलू या.) बोर्डाच्या आत असतो हलका फोम, मधोमध बहुधा लाकडाची बारीक पट्टी आणि वरून काचतंतूच्या कापडाचं पातळ कवच.

मग एवढे पैसे कशाचे? पाटी घ्या. विमानात सामान देताना पुष्कळ कंपन्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज बघतात. ती १५८ सेंटिमीटरच्या आत असली, तर बॅग साधी. आता आपली फळी मोजू : लांबी १८३, रुंदी ५१, जाडी ६. बेरीज २४०! नुसती लांबीच हद्दीबाहेर गेली. नऊ-दहा फुटी बोर्ड आणि उभं राहून वल्हवायचे पॅडलबोर्ड यांचं तर विचारूच नका.

म्हणजे पैसे वजनाचे नाहीत, जागेचे. एस. टी.त कापसाचं गाठोडं चढवताना कंडक्टर कुरकुरतो ना, तसंच.

पण जागेइतकीच महाग आणखी एक गोष्ट आहे. ती म्हणजे वेळ. १९७२ साली अमेरिकेतल्या साउथवेस्ट या कंपनीला पैशांच्या अडचणीमुळे आपल्या चार विमानांपैकी एक विकावं लागलं. चार विमानांचं वेळापत्रक तिघांत कसं बसवायचं? त्यांनी ठरवलं, विमान उतरल्यापासून दहा मिनिटांत पुन्हा निघालं पाहिजे! आणि ते जमवलंही. विमान जमिनीवर जितकं कमी थांबेल तितक्या फेऱ्या जास्त आणि तिकीट स्वस्त. पुढे जगभरच्या स्वस्त कंपन्यांनी हाच धडा गिरवला.

या कंपन्यांकडे बहुधा बोइंग ७३७ सारखी मध्यम विमानं असतात. ७३७ च्या पोटात ताठ उभं राहता येत नाही. हमाल गुडघ्यांवर बसून एकेक बॅग हातानं रचतात. अशा वेळी दारातून नऊ फुटी फळी आली, की ती तिरकी करा, वळवा, तिच्यासाठी आधीच्या बॅगा सरकवा. इकडे घड्याळ पळतंय! मला तर फळीवाल्याइतकीच त्या हमालांचीही दया येते.

घाईत फळी मोडतेही. टोकं आणि कडा फार नाजूक. म्हणून जाणकार माणसं खालची पाती (फिन) काढून ठेवतात, टोकांना जाड फोम बांधतात आणि मोकळ्या जागेत टॉवेल, कपडे कोंबतात. तरीही फळी फुटलीच, तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या माणसाला दाखवून नोंद करून घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मोडलं, तर ते हातात मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते, असा १९९९ च्या माँट्रियल कराराचा नियम आहे. हा नियम तुमच्या मामाच्या सुटकेसलाही लागू आहे, बरं का! आणि तिकीट काढण्याआधीच फळी किती लांब चालेल, हे कंपनीला विचारावं. छोट्या विमानांत कित्येकदा ती घेतच नाहीत.

पॅडलबोर्डवाल्यांनी यावर नामी युक्ती काढली : हवा भरायचा बोर्ड. त्याच्या वरच्या आणि खालच्या थरांना हजारो धाग्यांनी आतून बांधलेलं असतं. म्हणून पंपानं हवा भरली, तरी तो फुग्यासारखा गोल न होता सपाट आणि टणक राहतो. हवा काढली, की गुंडाळी करून पाठीवरच्या पिशवीत! वजन मात्र दहा किलोच्या आसपास भरतं. म्हणजे जागा वाचली, पण काटा हलला.

आणि फळी नेलीच नाही तर? हवाईचा ड्यूक कहानामोकू हा १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेला वीर. १९१४ साली तो पोहण्याच्या शर्यतींसाठी बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेला. लोकांना त्याचा लाटांवरचा खेळ बघायचा होता, पण फळी तर जवळ नव्हती. मग सिडनीतच पाइन लाकडाची एक मोठी फळी घेऊन तिला आकार दिला गेला. फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर ड्यूक ती घेऊन पाण्यात शिरला आणि बघणारे थक्क झाले. परत जाताना त्यानं ती बरोबर नेली नाही. तिथल्या जीवरक्षकांच्या क्लबानं ती जपून ठेवली आहे.