व्हिट्बी येथील भग्न मठ आणि कॅडमनाचें स्तोत्र

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशर परगण्यांत, एस्क नदी जेथें समुद्रास मिळते तेथें व्हिट्बी नांवाचें बंदर आहे. गांवांतून १९९ पायऱ्या चढून पूर्वेकडील कड्यावर गेलें म्हणजे एका मोठ्या मठाच्या चर्चचे अवशेष दृष्टीस पडतात. छप्पर नाहीं, मधला मनोरा नाहीं. परंतु पूर्वेची उंच भिंत व तींतील तीन ओळींच्या अरुंद, टोकदार खिडक्या अद्यापि उभ्या आहेत. इंग्रजी काव्याचा उगम या जागीं झाला अशी परंपरा आहे. ती कितपत साधार आहे आणि तिचा आधार दगडांत आहे कीं पोथ्यांत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

प्रथम वास्तूचा कालनिर्णय करूं. नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्विउ याच्या आश्रयानें इ. स. ६५७ मध्यें हिल्ड नामक राजकुलांतील साध्वीनें येथें मठ स्थापिला. त्यांत स्त्रिया व पुरुष असे उभयवर्ग राहत, आणि त्यांवर अधिकार हिल्डेचा असे. ईस्टर सणाची तिथि कोणत्या गणितानें धरावी या वादाचा निर्णय करण्यासाठीं इ. स. ६६४ मध्यें जी धर्मसभा भरली तीहि येथेंच. हिल्ड इ. स. ६८० मध्यें वारली. पुढें नवव्या शतकांत डेन लोकांच्या स्वाऱ्यांत हा मठ नष्ट झाला व सुमारें दोनशें वर्षें जागा ओस राहिली. नॉर्मन विजयानंतर, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, राइनफ्रिड नांवाच्या पूर्वाश्रमींच्या योद्ध्यानें येथें पुन्हां मठ वसविला. आणि आज जें चर्च दिसतें त्याचें बांधकाम तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुरू झालें. इ. स. १५३९ मध्यें आठव्या हेन्रीच्या आज्ञेनें मठ खालसा झाला. त्यानंतर वारा, पाऊस व दगड नेणारे लोक यांनीं आपलें काम केलें. अठराव्या शतकांत चर्चचे मोठमोठे भाग कोसळले, इ. स. १८३० मध्यें मधला मनोरा पडला, आणि ता. १६ डिसेंबर १९१४ रोजीं जर्मन युद्धनौकांच्या तोफांचे गोळेहि या भिंतींस लागले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या कवीसाठीं साहित्यभक्त या कड्यावर येतात त्यानें या भिंती कधींच पाहिल्या नाहींत. तो सातव्या शतकांतला. भिंती तेराव्या शतकांतल्या. संबंध आहे तो स्थानाचा, वास्तूचा नव्हे. मात्र इ. स. १९२० नंतरच्या उत्खननांत हिल्डेच्या काळच्या वस्तीचे पाये सांपडले, व त्यांबरोबर मेणाच्या पाट्यांवर लिहिण्याच्या धातूच्या लेखण्याहि मिळाल्या. म्हणजे येथें लेखनाचा व्यासंग होता, यास भूमीचीच साक्ष आहे.

आतां कवीकडे वळूं. त्याची कथा जॅरो येथील मठांत राहणाऱ्या बीड नामक विद्वान् साधूनें आपल्या लॅटिन धर्मेतिहासांत दिली आहे. तो ग्रंथ इ. स. ७३१ मध्यें पुरा झाला. कॅडमन हा मठाच्या गुरांचा राखण्या. वयानें प्रौढ व गाण्यांत अगदीं कोरा. मेजवानीच्या वेळीं वीणेसारखें वाद्य हातोहात फिरूं लागलें कीं आपली पाळी येण्यापूर्वींच तो लाजून उठे. अशाच एका रात्रीं तो गोठ्यांत निजला असतां स्वप्नांत कोणी येऊन त्यास सृष्टीच्या उत्पत्तीचें गान करण्यास सांगितलें. आणि पूर्वीं कधीं न ऐकलेले शब्द त्याच्या मुखांतून निघाले. सकाळीं कारभाऱ्यानें त्यास हिल्डेपुढें नेलें. पंडितांनीं परीक्षा घेतली, हिल्डेनें त्यास मठांत घेतलें, आणि पुढें तो ऐकलेल्या धर्मकथांचा रवंथ करून त्यांचें काव्य करीत राहिला, असें बीड सांगतो.

संशोधकास खरी अडचण येथून पुढें आहे. बीडनें त्या पहिल्या स्तोत्राचा फक्त लॅटिन आशय दिला, आणि काव्य एका भाषेंतून दुसरींत शब्दशः नेल्यास त्याचें सौंदर्य उणावतें, असें कारणहि सांगितलें. संस्कृत श्लोकांचा मराठी अर्थ सांगण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्यामुळें या कबुलीचें मोल आम्हांस विशेष वाटतें. परंतु मग मूळ इंग्रजी स्तोत्र कोठें गेलें?

तें मिळतें पोथ्यांच्या कडेला. बीडच्या ग्रंथाच्या अतिप्राचीन प्रतींपैकीं एक केंब्रिज येथें आहे. ती इ. स. ७३७ च्या सुमाराची मानितात, आणि बिशप मूर याच्या संग्रहांतून आली म्हणून मूर प्रत म्हणतात. तिच्या शेवटच्या पानावर हें नऊ ओळींचें स्तोत्र नॉर्थंब्रियन बोलींत लिहिलें असून, तें प्रथम कॅडमनानें गाइलें अशा अर्थाची टीप जोडली आहे. दुसरी प्रत आठव्या शतकाच्या मध्यापूर्वींची. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या काळांत ती दुब्रोव्स्की नांवाच्या रशियन वकिलातींतील अधिकाऱ्याच्या हातीं आली, व आज ती सेंट पीटर्सबर्ग येथें आहे. तींत स्तोत्र कथेच्याच पानावर, खालच्या समासांत आहे.

यावर आक्षेप असा कीं, लॅटिन आशय वाचून एखाद्या रसिक लेखकानेंच तो इंग्रजींत पद्यबद्ध केला नसेल कशावरून? आक्षेप हलका नाहीं. परंतु स्तोत्राची जागा दोन प्रतींत निराळी असून पाठ बहुतेक एकच आहे. तेव्हां दोन्ही लेखकांनीं तो आधींच चालत आलेल्या परंपरेंतून घेतला असावा. दुसरें असें कीं, ईश्वराचीं जीं विशेषणें स्तोत्रांत एकामागून एक येतात तीं सर्व लॅटिनांत नाहींत. आणि आद्यवर्णांच्या अनुप्रासावर उभी असलेली ती रचना मात्र त्यांवांचून उभी राहत नाहीं. या कारणांस्तव स्तोत्र अस्सल असण्याचा संभव आम्ही अधिक मानितों. तथापि हें अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे.

अनुमानाची मर्यादा न पाळल्यास काय होतें, याचें उदाहरणहि याच कवीच्या बाबतींत आहे. बायबलांतील कथांवर रचलेल्या जुन्या इंग्रजी काव्यांची एक पोथी फ्रान्सिस्कस युनियस याच्या हातीं आली. विषय कॅडमनाचे म्हणून काव्यें कॅडमनाचीं, असें धरून त्यानें तीं इ. स. १६५५ मध्यें त्याच्या नांवावर छापिलीं. आज तीं त्याचीं मानीत नाहींत. ऑक्सफर्ड येथील ती पोथी युनियसच्या नांवें प्रसिद्ध आहे. कवीच्या पदरीं एक स्तोत्रच उरलें.

अर्वाचीन काळीं या भग्नावशेषांस निराळेंच साहित्य चिकटलें. सर वॉल्टर स्कॉट यानें इ. स. १८०८ च्या 'मार्मिअन' काव्यांत व्हिट्बीच्या जोगिणी आणिल्या. ब्रॅम स्टोकर इ. स. १८९० मध्यें येथें राहून गेला आणि इ. स. १८९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'ड्रॅक्युला' कादंबरींत त्यानें हा कडा व त्या पायऱ्या भयकथेचें स्थान केल्या. आज पुष्कळ प्रवासी त्याच नांवासाठीं येतात. त्यांत विषाद मानण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु गोठ्यांतील गुराख्याचा मान पहिला.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक पोथ्यांचे संग्राहक आहेत, म्हणून शेवटीं इतकेंच सुचवितों. एका भाषेच्या काव्येतिहासाचा आरंभ ज्यावर उभा आहे तो मजकूर ग्रंथकाराचा नव्हे, तर लेखकानें समासांत व शेवटच्या कोऱ्या जागेंत लिहून ठेविलेला आहे. पोथी बांधतांना ज्यानें त्या कडा कातरल्या असत्या त्यानें कॅडमनाची सर्वांत जुनी साक्षच कातरली असती. तेव्हां आपल्या दप्तरांतील पोथ्यांची नोंद करतांना ग्रंथनाम, कर्ता व शक यांवरच न थांबतां समासांतील टिपा, कोऱ्या पानांवरील ओव्या व पुष्पिकेनंतरचा मजकूर हींहि उतरून घ्यावीं. ज्या भिंती त्या कवीनें पाहिल्याहि नाहींत त्या जपण्यासाठीं एक राष्ट्र झटतें. ज्यांत कवीचा शब्द असण्याचा संभव आहे ते समास जपणें आपल्या हातीं आहे. इत्यलम्.