अळंबी : भाजीची, औषधाची आणि विषारी

डहाणू-तलासरीकडे पावसाळ्यात वारुळावरची अळंबी बाजारात येते. ती झाली भाजी. औषधाची अळंबी वेगळी. कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखी कडक बुरशी वाढते, तिला फणसोंबा म्हणतात. पोरांचं तोंड आलं, लाळ गळू लागली, की ती सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात. मात्र या एकाच नावाखाली बुरशीच्या एकाहून अधिक जाती येतात. म्हणून जाणत्या वैद्याला दाखवल्याशिवाय ती वापरू नये.

खरा धोका मऊ छत्रीच्या अळंबीत आहे. शिजवताना लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडलं नाही, म्हणजे ती चांगली, असं म्हणतात. त्यात काही तथ्य नाही. ‘अमानिटा’ गटातल्या काही जातींचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब बहुधा ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात. मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि नेमकं त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं.

तेव्हा बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. उरलेली अळंबी सोबत घ्या आणि ताबडतोब दवाखाना गाठा. आणि जी खात्रीनं ओळखता येत नाही, ती भाजी म्हणून नको आणि औषध म्हणूनही नको.