उद्योगक्षेत्रांसाठीं सरकारी पैसा आणि शेतकऱ्याची जमीन

कोणत्याहि राज्याचे सर्व भाग सारख्याच वेगानें पुढें येत नाहींत. ज्या भागास बंदर, रेल्वे, वीज व भांडवल यांचा लाभ आधीं झाला, तेथें कारखाने आपोआप जमतात. ज्यास तो झाला नाहीं, तेथील तरुण पोटासाठीं पहिल्या भागाची वाट धरतात. ही विषमता कमी व्हावयाची तर मागास भागांत सरकारनें आपला पैसा घातला पाहिजे, हें तत्त्व आतां सर्वमान्य झालें आहे. महाराष्ट्रांत प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९८४ सालीं निरनिराळ्या विभागांच्या अनुशेषाची मोजदाद केली, तेव्हां तो ३,१८६ कोटि रुपयांचा भरला. असा पैसा येऊं नये असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु तो कोणत्या वाटेनें येतो, वाटेंत कोणाची जमीन घेतो आणि ज्याची जमीन गेली त्याच्या पदरांत अखेरीस काय टाकतो, याचा विचार जमीनधारक शेतकऱ्यानें स्वतः केल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो विचार येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

पैसा येण्याच्या तीन वाटा

पहिली वाट करमाफीची. निर्यातीसाठीं माल करणाऱ्या कारखान्यांस एका कुंपणांत जागा देऊन जकात व कर माफ करावयाचे, ही पद्धति आपल्या देशांत १९६५ सालीं कच्छमधील कांडला येथें सुरू झाली. मुंबईंत सांताक्रूझ येथें १९७३ सालीं तसेंच क्षेत्र झालें. पुढें २००५ सालीं विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे ज्यास लोक ‘सेझ’ म्हणूं लागले त्या क्षेत्रांचा, स्वतंत्र कायदा होऊन खाजगी कंपन्यांनाहि अशीं क्षेत्रें काढण्याची मुभा मिळाली. यांत सरकार तिजोरींतून रक्कम काढून देत नाहीं. येणें असलेली रक्कम सोडून देतें. परिणाम एकच.

दुसरी वाट परताव्याची. महाराष्ट्र सरकारनें १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालविली आहे. तींत तालुक्यांची वर्गवारी केलेली असून तालुका जितका मागास तितकी सवलत अधिक असते. कारखानदारानें भरलेल्या विक्रीकराचा, व आतां वस्तु व सेवा कराचा, कांहीं भाग ठराविक वर्षेंपर्यंत त्यास परत मिळतो.

तिसरी वाट प्रत्यक्ष भांडवलाची. रस्ते, पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था हीं सरकारनें आधींच करून द्यावयाचीं आणि तयार भूखंड उद्योगांस द्यावयाचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, हें काम १९६२ पासून करीत आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठीं केंद्र सरकारनें २०११ च्या सप्टेंबरांत १७,५०० कोटि रुपये मंजूर केले, ते याच कामासाठीं.

तिन्ही वाटांनीं येणारा पैसा उद्योगाकडे जातो, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. शेतकऱ्याकडे जो येतो तो केवळ जमिनीचा मोबदला.

शेंद्रा-बिडकीनचें उदाहरण

छत्रपति संभाजीनगर शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावर शेंद्रा आणि दक्षिणेस पैठण रस्त्यावर बिडकीन हीं गांवें आहेत. या दोन ठिकाणीं मिळून सुमारें १०,००० एकर क्षेत्रावर वरील पट्ट्यांतील उद्योगनगर उभें राहत आहे. त्यासाठीं जमीन घेतांना एकरीं २३ लक्ष रुपये हा दर देण्यांत आला. मराठवाड्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यास हा आंकडा लहान वाटला नाहीं, हें साहजिक आहे.

आतां या नगराच्या कंपनीची घडण पाहा. तींत राज्याच्या औद्योगिक महामंडळाचा हिस्सा शेंकडा ५१ व केंद्राच्या न्यासाचा शेंकडा ४९ आहे. केंद्रानें आपला हिस्सा रोख रकमेच्या रूपानें घातला. राज्यानें आपला हिस्सा मुख्यतः जमिनीच्या रूपानें घातला. म्हणजे जी जमीन काल शेतकऱ्याच्या सात-बारावर होती, तीच आज कंपनीचें भागभांडवल झाली. ज्यानें ती दिली त्याच्या नांवें मात्र त्या भांडवलांत एकहि भाग नाहीं. यांत कोणीं फसवणूक केली असा आमचा आरोप नाहीं. व्यवहाराची रीतच तशी आहे. पण जमीन भांडवल होऊं शकते, हें सरकारनें स्वतःच्या कृतीनें सिद्ध केलें आहे, तर तें शेतकऱ्यानेंहि ओळखावें.

काळाचाहि हिशेब महत्त्वाचा आहे. २०११ सालीं पैसा मंजूर झाला, २०१९ च्या सप्टेंबरांत पंतप्रधानांच्या हस्तें नगराचें उद्घाटन झालें आणि बिडकीन येथें मोटारींचा मोठा कारखाना काढण्याविषयीं एका नामांकित कंपनीशीं सामंजस्य करार झाला तो २०२४ च्या जुलैंत. सरकारच्या किंवा कंपनीच्या आयुष्यांत तेरा वर्षें म्हणजे फार नव्हेत. शेतकऱ्याच्या घरांत मात्र तेवढ्या काळांत शाळेंत जाणारा मुलगा कर्ता होतो. ज्या नोकरीच्या आशेवर जमीन दिली ती येईपर्यंत घरखर्च कशावर चालावयाचा, हा प्रश्न आधींच सोडविला पाहिजे.

उदाहरणार्थ, पांच एकरांचे एक कोटि पंधरा लक्ष रुपये आले असें धरूं. ही रक्कम शेंकडा सहा व्याजानें ठेवली तर वर्षास सहा लक्ष नव्वद हजार येतात. परंतु घर, लग्न, मोटार व जुनें देणें यांत निम्मी रक्कम गेली, तर उत्पन्न तीन लक्ष पंचेचाळीस हजारांवर येतें, आणि महागाई वाढत असतां तें तेवढेंच राहतें. जमिनीचें तसें नसतें. धान्य महागलें तर तिचें उत्पन्नहि वाढतें. सबब मोबदला म्हणजे मिळकत नव्हे, तर रूप बदललेली जमीन होय, असें समजूनच तो हाताळावा.

पेणचा आणि नव्या मुंबईचा अनुभव

जमीन देण्याचा प्रश्न सर्वत्र सारखा सुटला नाहीं. रायगड जिल्ह्यांत पेण, उरण व पनवेल या तालुक्यांत एका खाजगी कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं भातजमिनी घेण्याचें ठरलें. त्यांपैकीं पेणकडील २२ गांवें हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांत होतीं. सरकारी पैशानें बांधलेल्या धरणाचें पाणी आमच्या शेतांत आणा, म्हणजे आमचा विकास होईल, असें शेतकऱ्यांचें म्हणणें होतें. २००८ च्या २१ सप्टेंबर रोजीं या २२ गांवांत शेतकऱ्यांचें मत घेण्यांत आलें. पुढें संपादनाची मुदत टळून तें रद्द झालें. गोव्यांतहि लोकांच्या विरोधामुळें सरकारनें २००७ च्या ३१ डिसेंबर रोजीं विशेष आर्थिक क्षेत्रें रद्द करण्याची घोषणा केली.

हा विरोध निव्वळ हट्ट होता असें म्हणतां येत नाहीं. भारताच्या महालेखापरीक्षकांनीं २०१४ सालीं दिलेल्या अहवालाप्रमाणें देशांत विशेष आर्थिक क्षेत्रांसाठीं अधिसूचित झालेल्या ४५,६३५ हेक्टरांपैकीं प्रत्यक्ष काम सुरू झालेलीं क्षेत्रें २८,४८८ हेक्टरांचीं होतीं. बाकीची जमीन ना पिकांत ना उद्योगांत. आणि २००६-०७ पासून सात वर्षांत या क्षेत्रांस मिळालेल्या करसवलती ८३,१०४ कोटि रुपयांच्या भरल्या.

नव्या मुंबईचा अनुभव निराळा आहे. तेथें १९७० नंतर शहर वसविण्यासाठीं ठाणें, पनवेल व उरण भागांतील जमिनी अल्प दरानें गेल्या. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनावर उरण तालुक्यांत गोळीबार होऊन ५ जण मृत्युमुखीं पडले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनधारकास परत देण्याची योजना आली. हें तत्त्व मोठ्या किंमतीनें मिळालेलें आहे. पुढील पिढ्यांनीं तें विसरूं नये.

आणि पुण्याजवळ हडपसर येथील मगर कुळांनीं तर स्वतःच वाट काढली. सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन न विकतां एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन त्यास तितके भाग या हिशेबानें मगरपट्टा नगर वसविलें. शहराच्या वेशीवरील ती जमीन होती, हें खरें. माळरानावर तसें साधेलच असें नाहीं. पण एकजुटीनें जमिनीचें भांडवल करतां येतें, हें तेथें दिसून आलें.

कायदा काय देतो

१८९४ चा जुना भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें ग्रामीण भागांत बाजारभावास दोनपर्यंतचा गुणक लावून त्यावर तितकीच दिलासा-रक्कम द्यावयाची असते. खाजगी कंपनीसाठीं संपादन असल्यास बाधित कुटुंबांपैकीं शेंकडा ८० आणि सरकार व खाजगी यांच्या भागीदारींत शेंकडा ७० कुटुंबांची संमति लागते.

परंतु येथें एक खांच आहे. महाराष्ट्रांतील उद्योगक्षेत्रांसाठीं जमीन बहुधा राज्याच्या १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाखालीं घेतली जाते. २०१८ च्या राज्य दुरुस्तीनें हा अधिनियम नव्या कायद्याच्या संमतीच्या व सामाजिक परिणाम-तपासणीच्या अटींतून वगळला आहे. मोबदला व पुनर्वसन यांविषयींच्या हितकारक तरतुदी मात्र त्यासहि लावावयाच्या आहेत. तेव्हां ‘ऐंशी टक्के संमति नाहीं, म्हणून आपली जमीन जाणार नाहीं’ अशा समजुतींत कोणी राहूं नये. त्या अधिनियमाच्या कलम ३२ खालीं जमीनधारकास नोटीस येते आणि जमीन कां घेऊं नये हें सांगण्याची संधि मिळते. कलम ३३ खालीं मोबदला परस्पर कराराने ठरूं शकतो. बोलण्याची खरी वेळ हीच.

जमीनधारकांनीं काय करावें

१. नोटीस येण्याची वाट न पाहतां सात-बारा, फेरफार व वारसनोंदी स्वच्छ कराव्या. बहिणींचे हक्क, अज्ञान वारस व जुनीं कर्जें यांचा निकाल लागला नसेल तर रक्कम अडकून पडते आणि घरांत कोर्टकज्जे उभे राहतात.

२. मोजणी व पंचनामा यांच्या वेळीं स्वतः हजर असावें. विहीर, पाइपलाइन, फळझाडें, गोठा व बांधबंदिस्ती यांची नोंद झाली कीं नाहीं हें वाचून मगच सही करावी.

३. हरकत मुदतीच्या आंत लेखी द्यावी व पोंच घ्यावी. तोंडी आश्वासनास, मग तें कोणाचेंहि असो, कागदावर येईपर्यंत किंमत नाहीं.

४. दराची तुलना चौरस मीटरावर करावी. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. एकरीं २३ लक्ष म्हणजे चौरस मीटरास सुमारें ५६८ रुपये. त्याच क्षेत्रांतील भूखंड उद्योगांस कोणत्या दरानें देतात तो प्रसिद्ध असतो. रस्ते, मोकळ्या जागा व बांधकाम यांचा खर्च वजा जाऊनहि अंतर किती उरतें तें पाहून बोलणी करावीं.

५. रोख रकमेबरोबर विकसित भूखंडाची मागणी आग्रहानें करावी. महामंडळाच्या कांहीं क्षेत्रांत तशी पद्धत आहे. भूखंड मिळाल्यावर तो लगेच दलालास विकूं नये; गाळे, गुदाम किंवा वाहनतळ बांधून भाड्यानें दिला तर पिढीजात उत्पन्न राहतें.

६. पाण्याचा प्रश्न विचारावा. शेंद्रा-बिडकीनचें पाणी जायकवाडींतून येतें आणि त्याच जलाशयावर शेतीहि अवलंबून आहे. ज्यांची जमीन जात नाहीं अशा शेजाऱ्यांचेंहि हित यांत गुंतलेलें आहे.

७. सर्व गांवानें एका समितीमार्फत बोलावें. फुटून बोलणाऱ्यास आधीं दोन पैसे अधिक मिळाल्याचा भास होतो. शेवटीं दर सर्वांचाच पडतो.

उपसंहार

उद्योग मागास भागांत यावेत, रस्ते व्हावेत, मुलांना घराजवळ काम मिळावें, ही इच्छा शेतकऱ्याइतकी कोणाचीच तीव्र नसेल. त्यासाठीं जमीन लागणार, हेंहि उघड आहे. पण विभागाच्या उन्नतीसाठीं सरकार कारखानदारास कर सोडतें, परतावा देतें, तयार भूखंड देतें, तर त्याच उन्नतीसाठीं आपला एकमेव आधार देणाऱ्या शेतकऱ्यास एकदां पैसे मोजून बाजूस करणें न्यायाचें नव्हे. नव्या क्षेत्रांत त्याचा कायमचा कांहीं हिस्सा राहिला पाहिजे, मग तो भूखंडाच्या रूपानें असो, भागाच्या रूपानें असो वा भाड्याच्या रूपानें असो. ही मागणी करण्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं. ती जमीन देण्यापूर्वीं करावी. सही झाल्यावर केलेली मागणी अर्ज म्हणून वाचली जाते, हक्क म्हणून नव्हे.