चौकटीची अट

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात व्हाइट रिव्हर जंक्शन नावाचं छोटंसं रेल्वेचं गाव आहे. तिथल्या ‘सेंटर फॉर कार्टून स्टडीज’ या शाळेने वर्षानुवर्षं प्रवेश मागणाऱ्यांकडून अर्जासोबत एक छोटी चित्रकथा मागितली. तिच्यात चार पात्रं असलीच पाहिजेत: अर्जदार स्वतः, एक बर्फाचा माणूस, एक यंत्रमानव आणि एखादं फळ. वाचणाऱ्याला ही थट्टा वाटेल. पण या अटीने काय साधतं ते पाहण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं घोटून बसवलेला पिळदार योद्धा किंवा मुखपृष्ठाला शोभेलशी नायिका इथे उपयोगाची नाही. सगळ्यांकडे सामान तेच. मग एकाची कथा दुसऱ्याहून वेगळी ठरते ती निर्णयांमुळे: फळाला बोलतं करायचं का, बर्फाचा माणूस वितळताना दाखवायचा की वितळून गेल्यावरचं डबकं, आणि अर्जदाराने स्वतःला कथेत कुठे उभं करायचं. कॉमिक्सच्या वर्गांतले गृहपाठ आणि विद्यार्थ्यांच्या कच्च्या वह्या यांबद्दल जे म्हणायचं आहे ते या अर्जातच सापडतं. या कलेत गृहपाठाची अट हीच मुख्य शिक्षक असते. हात ‘चांगला’ करणं हे तिचं दुय्यम काम. काय ठेवायचं आणि काय गाळायचं याची सवय लावणं हे पहिलं.

या वर्गांचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1947 मध्ये न्यूयॉर्कला सिलास ऱ्होड्स आणि ‘टारझन’चे चित्रकार बर्न होगार्थ यांनी व्यंगचित्रकार-चित्रकारांसाठी एक शाळा काढली. महायुद्धातून परतलेले सैनिक सरकारी शिक्षणखर्चाच्या आधारावर तिथे दाखल झाले. 1956 मध्ये तिचं नाव ‘स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स’ झालं. चित्रकथाकार विल आइसनर यांनी पुढे तिथेच शिकवलं आणि त्या अनुभवातून 1985 मध्ये ‘कॉमिक्स अँड सिक्वेन्शियल आर्ट’ हे पुस्तक आलं. 1976 मध्ये कॉमिक्सचे चित्रकार जो क्युबर्ट यांनी न्यू जर्सीतल्या डोव्हर गावी आपल्या नावाची शाळा सुरू केली, आणि 2005 मध्ये जेम्स स्टर्म व मिशेल ऑली यांनी व्हरमाँटमधली. पहिल्या दोन शाळांचा पाया सरळ धंद्याचा होता. मासिकांना आणि प्रकाशकांना पानं वेळेवर काढून देणारे हात हवे होते. शाळा ते तयार करीत.

या साऱ्या पसाऱ्यात अधिक वेळ थांबावं असं एक ठिकाण मात्र कलाशाळेच्या बाहेर आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या आवारात व्यंगचित्रकार लिंडा बॅरी शिकवू लागल्या. 2014 साली आलेल्या ‘सिलॅबस’ या त्यांच्या पुस्तकात अभ्यासक्रमाच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांची रेखाटनं शेजारी शेजारी छापलेली आहेत. वर्गात वेगवेगळ्या विषयांचे विद्यार्थी येतात. लहानपणीच चित्र काढणं सोडून दिलेले त्यांत पुष्कळ असतात. प्रत्येकाकडे एक साधी ठिपकेदार पुठ्ठ्याची वही, आणि वर्गात खऱ्या नावाऐवजी टोपणनाव. रोजचा गृहपाठ एका पानाचा. पानावर रेघा मारून चार भाग पाडायचे. एकात आज केलेल्या सातेक गोष्टी, दुसऱ्यात पाहिलेल्या सातेक, तिसऱ्यात कानावर पडलेलं एखादं वाक्य, चौथ्यात पाहिलेल्यांपैकी एका गोष्टीचं चटकन काढलेलं चित्र. हे सगळं घड्याळ लावून, मोजक्या मिनिटांत. कुणी आपलं लिखाण वर्गात वाचून दाखवत असेल तर ऐकणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहायचं नाही, मतही द्यायचं नाही. खाली मान घालून कागदावर सावकाश एक चक्राकार रेघ वाढवत न्यायची.

या पानाची यंत्रणा साधी आहे आणि हट्टी आहे. वेळ इतका कमी असतो की ‘मला येत नाही’ हा विचार करायला फुरसत मिळत नाही. यादी करायची म्हणजे दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात, नाहीतर रात्री पाहिलेल्या गोष्टींचा भाग रिकामा राहतो. पाहिलेल्या सातांतून चित्रासाठी एकच निवडायची, म्हणजे सहा सोडायच्या. ही निवड रोज एकदा, सबंध सत्रभर. चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘मेकिंग कॉमिक्स’ या 2006 च्या पुस्तकात चित्रकथाकाराला कराव्या लागणाऱ्या पाच निवडी सांगितल्या आहेत: क्षणाची, चौकटीची, प्रतिमेची, शब्दाची आणि ओघाची. पाचांतली एकही निवड निव्वळ रेघेच्या सफाईने करता येत नाही. बॅरी यांचं रोजचं पान या पाचांचीच तालीम आहे, फक्त ते तसं म्हणत नाही.

अटीचा जोर किती असतो याचा एक चांगला दाखला याच मॅक्लाउड यांच्या आयुष्यात आहे. त्यांचे स्नेही स्टीव्ह बिसेट हे क्युबर्ट यांच्या शाळेच्या पहिल्या तुकडीतले, ‘स्वॅम्प थिंग’ या कॉमिकचे नावाजलेले चित्रकार. बिसेट यांची कच्ची रेखाटनं झरझर उतरत, पण छापायच्या पानाला बसले की काम रेंगाळे. म्हणून 1990 मध्ये मॅक्लाउड यांनी पैज लावली: दोघांनीही चोवीस तासांत चोवीस पानांची पुरी चित्रकथा काढायची. दोघांनी ती काढली, आणि पुढे हा उपक्रम जगभर पसरला. बिसेट यांना चित्रकला शिकवण्यासारखं त्या दिवशी कुणाकडे काही उरलं नव्हतं. वहीत चालणारा हात पक्क्या कागदावर का अडतो, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एका अटीतून मिळालं. हेच बिसेट नंतर बर्फाचा माणूस मागणाऱ्या व्हरमाँटच्या शाळेत अनेक वर्षं शिकवत होते.

यावर पहिला आक्षेप कारागिरीचा. यथार्थदर्शन, शरीररचना, शाईकाम, अक्षरलेखन यांवाचून चित्रकथा उभी राहत नाही, आणि चार मिनिटांच्या खरडीतून यातलं काही येत नाही, असं क्युबर्ट यांच्या परंपरेतला शिक्षक म्हणेल. ते बरोबरच आहे. पण कारागिरी निर्णयाची जागा घेऊ शकत नाही. हास्यचित्रकार शि. द. फडणीस मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकले, त्यांच्या रेघेची सफाई सर्वपरिचित आहे. तरीही त्यांच्या शब्दांवाचूनच्या चित्रांतलं हसू येतं ते कोणता क्षण पकडला यातून. घटनेच्या आधीचं आणि नंतरचं वाचकाने आपल्या मनात पुरं करावं, इतकंच त्या एका चौकटीत ठेवलेलं असतं. दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे: मोठे चित्रकार शाळेत घडतातच कुठे? व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना तर ज. जी.ने प्रवेशच नाकारला होता. पण लक्ष्मण यांना अट मिळालीच नाही असं नाही. 1951 पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘यू सेड इट’ सुरू झालं: रोज एक चित्र, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि कोपऱ्यात तोच चौकड्यांचा कोट घातलेला मुका माणूस. वृत्तपत्राने त्यांना दिलेला हा गृहपाठ कोणत्याही वर्गापेक्षा कडक होता. तेव्हा या आक्षेपाने शाळेची मक्तेदारी मोडते. अटीचं महत्त्व उलट वाढतं.

खऱ्या अडचणी पुढे आहेत. पहिली मूल्यमापनाची. वाईट दिसणाऱ्या पण योग्य निर्णय घेतलेल्या रेखाटनाला गुण किती द्यायचे? जिथे वर्षाच्या शेवटी भिंतीवर लावलेलं सबमिशन तपासायचं असतं, तिथे परीक्षकाची नजर सुबकतेकडे वळणार, आणि विद्यार्थीही शेवटच्या आठवड्यात सुबकतेच्याच मागे लागणार. वही भरली का, पानं वेळेवर आली का, एवढंच मोजलं तर आळशी पण नियमित खरडणारा निभावून जातो. मतप्रदर्शनाला वर्गात बंदी घातली तर सुरुवातीची भीती जाते, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणीतरी ‘ही चौकट कळली नाही’ असं स्पष्ट सांगण्याची गरज असते. अट माणसाला सुरू करते. कुठे चुकलं ते दरवेळी सांगतेच असं नाही.

दुसरी अडचण पोटाची. अमेरिकेतल्या मासिक कॉमिक्सचा अंक साधारण वीस-बावीस पानांचा, म्हणजे पेन्सिलकाम करणाऱ्याला कामाच्या दिवशी जवळपास एक पान. शाई, रंग आणि अक्षरं बहुधा दुसऱ्यांच्या हाती. वर्गातला गृहपाठ एकाच माणसाकडून सगळं करवून घेतो, बाजार त्याच्याकडून एकच तुकडा विकत घेतो. 1967 मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ या मालिकेतही लेखक आणि चित्रकार बहुधा वेगळे होते. राम वाईरकर यांच्यासारख्या कसबी हातांनी तिला रूप दिलं, पण कथा आणि तिची मांडणी दुसऱ्याकडून येई. मराठीत दिवाळी अंकांनी एका चौकटीच्या हास्यचित्राला मानाचं पान दिलं, तसं चौकटीमागून चौकट उलगडणाऱ्या कथेला दिलं नाही. अशा वेळी निर्णय घ्यायला शिकलेल्या विद्यार्थ्याला निर्णय घेऊ देणारं काम कोण देणार, याचं उत्तर शाळेकडे नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत ताजी. चार शब्द टाइप केले की सफाईदार चित्र काढून देणारी साधनं आता कुणाच्याही फोनवर आहेत. त्यामुळे पुऱ्या झालेल्या पानाची पुरावा म्हणून किंमत घसरली. ही परिस्थिती कच्च्या वहीला अनुकूल आहे, असं म्हणण्याचा मोह होतो: खोडलेल्या चौकटी, जागा बदललेले फुगे, तीनदा काढून टाकलेला शेवट यांतून विद्यार्थ्याने विचार केला हे दिसतं. पण वही गुणांसाठी तपासली जाणार हे कळलं की खाडाखोडही सजवून आणली जाते. जुन्या काळी प्रयोगवहीत निष्कर्ष आधी आणि निरीक्षणं नंतर भरली जात, तसंच. ही सजावट यंत्राने पकडण्याचा उपाय नाही. शिक्षकासमोर, वर्गात, घड्याळ लावून काढलेलं पान एवढंच विश्वासाचं उरतं, आणि त्यासाठी वर्ग लहान हवेत, शिक्षकाला वेळ हवा. म्हणजे बॅरी यांची पद्धत साहित्याच्या हिशेबाने अतिशय स्वस्त आणि माणसांच्या हिशेबाने महाग आहे. कलाशाळा खर्च कुठे करतात हे पाहिलं तर संगणककक्ष आधी भरतो, शिक्षकांच्या जागा नंतर. हा क्रम उलटा केल्याशिवाय कॉमिक्सच्या अभ्यासक्रमाला नवी नावं देऊन काही होणार नाही.